याईरची मुलगी

कोरलेला तांब्याचा पत्रा फडक्यात गुंडाळून मी बार्बाराच्या छापखान्यात गेलो, तेव्हा दुपारचे तीनच वाजले होते. पण अँटवर्पला डिसेंबरात तीनलाच उजेड विझायला लागतो. नदीवरचं धुकं गल्लीत उतरलं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

चर्चमधल्या एका जुन्या चित्रावरून मी तो पत्रा कोरला होता. याईरची बारा वर्षांची मुलगी मरून पडली आहे, येशूनं तिचा हात धरलाय, आता तो तिला उठवणार. पाच महिने त्यात गेले. तिचा चेहरा मी शेवटपर्यंत टाळला. माझी लेक लिव्हिना तापानं गेली तेव्हा मी कामासाठी कोलोनला होतो. परतलो तर तिला पुरून आठ दिवस झाले होते. मिटल्या डोळ्यांची ती मी पाहिलीच नाही.

नवऱ्यामागे छापखाना चालवणारी बार्बारा पत्र्यावर शाई चोपडत म्हणाली, "उस्ताद, एवढ्या वेळात ही पोरगी म्हातारी झाली असती."

तिनं पहिला छाप उचलून उजेडाकडे धरला.

"डोळे उघडे का कोरलेत?"

"मिटलेलेच आहेत."

"मग हे काय?"

कागदावर पापण्या किलकिल्या होत्या. मी पत्र्यावरून बोट फिरवलं. मिटलेल्या पापण्यांच्या रेषा बोटाला नीट लागत होत्या.

"छापण्याआधी भिजवताना कागद जास्त ओला झाला असेल," असं म्हणत तिनं दुसरा घातला. यंत्र करकरत फिरलं. या छापात डोळे टक्क उघडे होते. मुलगी येशूकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

बार्बारानं छातीवर क्रूसाची खूण केली. "पत्रा घासून टाका, उस्ताद. आत्ताच."

"अजून एक काढ."

"मी नाही हात लावायची. आणि तुम्ही काय मागताय... कळतंय ना तुम्हाला?"

शाल ओढून ती निघून गेली.

मी एकट्यानं चाक फिरवलं. शाईतल्या जवसाच्या तेलाचा वास घशात बसला होता. तिसऱ्या छापात मुलगी कोपरावर उठली होती, ओठ विलग. चेहरा लिव्हिनाचा नव्हता. तरी मी हाक मारली, "लिव्हिना..."

चौथ्या छापात अंथरूण रिकामं होतं.

अंधार पडेपर्यंत मी मान न वळवता बसून राहिलो. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त मी वाट बघत होतो. कुणी आलं नाही.

सकाळी बार्बारा आली. मी चौथा छाप पुढे केला. "बघ, रिकामं."

ती खिडकीशी गेली. बराच वेळ बघत राहिली.

"रिकामं कुठाय? हा म्हातारा कोण झोपलाय... डोळे मिटून?" तिचा आवाज खाली गेला. "आणि याचा हात येशूनं नाही धरलेला."

"मग कुणी?"

तिनं कागद टेबलावर पालथा घातला. मग तिनं माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

तो छाप मी रोज बघतो. मला अजून नुसती चुरगळलेली चादर दिसते. फक्त हल्ली सकाळी जाग येते तेव्हा माझा उजवा हात गारठलेला असतो, आणि मूठ अर्धीच मिटलेली... कुणाची तरी बोटं आत असल्यासारखी.