हेन्सफोर्थचा दाखला

शब्दकोशाच्या कार्यालयातला एच अक्षराचा लाकडी खण दमट हवेने फुगून बसला होता. कोशात काम करणाऱ्या तिने तो दोन्ही हातांनी ओढला आणि शब्दांच्या सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. दारात खण दुरुस्त करायला आलेला नवा सुतार उभा होता. त्याने पिशवी ठेवली आणि मुकाट्याने चिठ्ठ्या वेचायला बसला.

"हिच्यावर लाल रेघ का?"

"हेन्सफोर्थ," ती म्हणाली. "आजपासून पुढे, कायमचं. महिनाअखेरच्या शुक्रवारी कोशातून काढून टाकणार आहेत."

कोशाचा नियम कडक होता. जुना इंग्रजी शब्द नव्या आवृत्तीत राहायचा, तर अलीकडे कुणीतरी तो स्वतःच्या गरजेने लिहिलेला हवा. करारनामे चालत नसत आणि कोशासाठी मुद्दाम रचलेलं वाक्य तर मुळीच नाही. तिच्या बाबांनी लग्नाआधी आईला लिहिलेल्या पत्रात हा शब्द होता, पण ते पत्र चाळीस वर्षांचं, म्हणून बाद. तीन महिने ती नव्या दाखल्यासाठी, म्हणजे वापराच्या ताज्या पुराव्यासाठी, जंग जंग पछाडत होती.

सुतार कॉलेज अर्धवट सोडून वडिलांच्या कामाला लागलेला, पण शब्दांचा भारी नाद. सगळे खण दुरुस्त झाले तरी त्याला रोज एखादा कुरकुरणारा सापडायचाच... आणि आश्चर्य म्हणजे तिलाही ती कुरकुर ऐकू यायची. पाच वाजले की तिचं लक्ष कामावरून उडायचं, कारण तो पिशवी आवरायला लागायचा.

सभेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्याने तिच्या टेबलावर घडी केलेला कागद ठेवला आणि मान वर न करता पुन्हा खणांकडे गेला. इंग्रजीत एकच ओळ, खाली सही, तारीख. 'हेन्सफोर्थ मला संध्याकाळी तुमच्याशिवाय घरी जायचं नाही.'

आणि या शहाण्या मुलीने काय करावं? सवयीने लाल पेन्सिल उचलली, कागदावर 'नामंजूर, मुद्दाम रचलेलं वाक्य' असं लिहिलं आणि तो स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला.

त्याने वाचलं. चेहरा पार उतरला.

"मी... कोशासाठी नव्हतं लिहिलं," तो म्हणाला आणि पिशवी उचलून जिना उतरू लागला.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती दोन-दोन पायऱ्या उतरत त्याच्या मागे धावली.

"तो कागद परत द्या. आणि उद्या अकराला या... नक्की या."

शुक्रवारी सभेत मुख्य संपादकांनी कागद चष्म्याजवळ धरला. "यावर तर तुम्हीच नामंजूर लिहिलंय."

"चुकलं माझं, सर."

"हे मनापासून लिहिलंय, याला पुरावा काय?"

टेबलाभोवती सात जण बसले होते आणि दाराशी तो उभा होता. ती गप्प बसली असती तर शब्द गेला असता, आणि तोही.

"पुरावा मी आहे," ती म्हणाली. "ते मला लिहिलंय. आणि माझं उत्तर... हो आहे."

संपादकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"उत्तरही लेखी लागेल. तारखेसकट."

तिने लाल शेऱ्याखाली लिहिलं, 'हेन्सफोर्थ मलाही.' सही केली. संपादकांनी मंजुरीचा शिक्का मारला तेव्हा तो दाराला टेकून हसत होता, आणि डोळे पुसत होता.

पाच वाजता अख्खं कार्यालय खिडकीत जमलं होतं. तिने खुशाल वर बघून हात हलवला आणि भर रस्त्यात त्याचा हात धरून घरी निघाली.