रंग खरे दाखवणारा लॅपटॉप

हमीदशेठच्या दुकानात मिस्बाह पहिल्यांदा शिरली, तेव्हा तिच्या एका हातात पेन ड्राइव्ह होता आणि दुसऱ्या हातात चाव्यांचा एवढा मोठा जुडगा, की काउंटरमागचा तरुण पटकन म्हणाला, "डुप्लिकेट चावी समोरच्या गल्लीत करून मिळते."

"मला लॅपटॉप हवाय."

आवाज घोगरा निघाला. सकाळपासून आपण कुणाशी एक शब्दही बोललो नाही, हे तिला तेव्हा कळलं.

तरुण चांगलाच ओशाळला. त्याचं नाव कैस. चार वर्षं मस्कतला लॅपटॉप विकून तो गेल्या पावसाळ्यात परत आला होता, आणि आता बोर्ली पंचतनच्या बाजारात मिक्सर नि पंख्यांच्या गर्दीत उभा राहून तेच काम करत होता. गावाला काही हे पटलं नव्हतं. गल्फचा व्हिसा हातात असला की मुलाला दहा स्थळं सांगून येतात. व्हिसा सोडून आलेल्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

"कशासाठी हवाय?" त्यानं विचारलं.

"ऑफिसचं काम… आणि फोटो."

ती दिवेआगरच्या कॉटेजचं बुकिंग बघणाऱ्या एका ऑफिसात होती. मालकांनी जागा सोडली होती आणि सांगितलं होतं, एक फेब्रुवारीपासून काम घरून करा, पण लॅपटॉप तुमचा. फोटोंची गोष्ट वेगळी. मिस्बाहच्या मोहल्ल्यातली नऊ घरं बंद होती. माणसं दोहा, कुवेत, मस्कतला. चाव्या सगळ्यांच्या तिच्याकडे. दर शुक्रवारी ती एकेक घर उघडायची, खिडक्यांतून वारा खेळवायची, नळ सोडायची, आणि अंगणाचे, आंब्यांचे, ओट्यांचे फोटो काढून घरवाल्यांना पाठवायची. ऑफिसातला कॉम्प्युटर गेल्यापासून तेही अडलं होतं.

कैसनं पेन ड्राइव्ह लावून एक फोटो उघडला. बघतच राहिला.

"या भिंतीवर ओल होती ना? तुम्ही फोटोतून पुसलीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कडा जरा धुरकट राहिल्यात."

मिस्बाहचे कान गरम झाले. "तिकडे बसून माणूस ओलीचं करणार काय? उगीच झोप उडेल बिचाऱ्यांची. पावसाआधी मी गवंडी बोलावतेच."

"मी मस्कतला असताना कुणी असे फोटो पाठवले असते, तर…"

"तर काय?"

"तर चार वर्षं काढली नसती. दोनातच परत आलो असतो," तो म्हणाला, आणि मग घाईघाईनं रॅमकडे वळला. सोळा जीबी तरी हवी, नाहीतर फोटोचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा होईल. हार्ड डिस्क नको, एसएसडी बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचा स्क्रीन. रंग खरे दाखवणारा हवा, नाहीतर आंब्याचा मोहोर इथे पिवळा आणि कुवेतला हिरवा!

पहिला लॅपटॉप त्यानं उजेडात बघायला बाहेर ओट्यावर आणला. बंद, काळ्या स्क्रीनमध्ये दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसले. दोघंही क्षणभर हलली नाहीत.

"हा नको," कैस खाकरून म्हणाला. "फार चकचकीत आहे. यात फोटोपेक्षा आपणच जास्त दिसतो."

घरी जाताना मिस्बाह वाटभर हसत होती. कुलूप काढून आत पाऊल टाकलं, तसं ते हसू थांबलं. चार खोल्या, आणि चारी खोल्यांत तिचीच चप्पल वाजते. अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली. अब्बा आणि भाऊ हारिस दोहाला. निजायला फिरोजाफुफी यायची, पण तिला ऐकू कमी, आणि पाठ टेकली की ती घोरायलाच लागायची.

दुसऱ्या शुक्रवारचा लॅपटॉप जड निघाला. "पाठ धरेल तुमची," कैस म्हणाला.

"मी काय तो डोक्यावर घेऊन रेवसच्या धक्क्यापर्यंत चालत जाणार आहे?"

"काय सांगावं? तुम्ही नऊ घरं सांभाळता…"

तिसऱ्याची बटणं कडक निघाली. ते सिद्ध करायला कैसनं तिला तिचंच नाव दहादा टाईप करायला लावलं, आणि अकराव्यांदा स्वतःच करून बघितलं. बोटं एरवी भराभर चालायची त्याची. तिच्या नावावर मात्र ती फारच सावकाश चालली. मिस्बाहनं खाली बघून ओढणी सारखी केली.

ऑनलाइन मागवला असता, तर दोन दिवसांत लॅपटॉप दारात आला असता. अलिबागला एक फेरी मारली असती, तरी काम झालं असतं. हे मिस्बाहला कळत नव्हतं, असं थोडंच आहे? पण आठवड्याचे सहा दिवस ती शुक्रवारी काय बोलायचं ते जुळवत बसायची, आणि जुळवलेलं काहीच न बोलता परत यायची. त्यातही सुख होतं.

हारिसला हे कुठलं ठाऊक असायला! तो फोनवर रोज एकच धोशा लावायचा. "अब्बा इकडे, मी इकडे. तू तिथे कुणासाठी राहिलीस? महिनाअखेर कागद दे, उन्हाळ्याच्या आत व्हिसा करतो. घराला कुलूप लाव आणि ये."

"माझं काम आहे इथे."

"लॅपटॉप तरी आहे का कामाला?"

ती फोन ठेवायची. आपल्या दाराला दहावं कुलूप लागलेलं तिच्या डोळ्यांपुढे यायचं. पण कधीकधी, दुपारी एकटीनं जेवताना, वाटायचंसुद्धा… जावं. तिकडे निदान कुणी 'आणखी भात वाढू का' म्हणून विचारील.

चौथ्या शुक्रवारचा लॅपटॉप सगळ्या बाजूंनी चांगला होता. रंग खरे, वजन हलकं, बटणं मऊ. कैसनं तो उलटसुलट केला, कान लावला, आणि म्हणाला, "याच्या पंख्याचा आवाज येतो."

"येऊ दे की," मिस्बाह म्हणाली. "घरात कसलाच आवाज नसतो. तेवढाच सोबतीला."

बोलून गेली आणि तिलाच चटका बसला. कैसचे ओठ हलले, काहीतरी अगदी तोंडापर्यंत आलं होतं. मिस्बाह वाट बघत राहिली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, एक बाई टोपली सावरत गेली.

"पुढच्या शुक्रवारी नवा माल येतोय," कैस म्हणाला.

एवढंच? ती घरी आली, ताट वाढून घेतलं आणि पहिल्याच घासाला रडू फुटलं. आपण वेडी आहोत. दुकानदार गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, आणि आपण त्यावर इमले बांधले. तिनं तिथल्या तिथे उष्ट्या हातानंच हारिसला फोन लावला. "पुढच्या शनिवारी कागद पाठवते."

पाचव्या शुक्रवारी ती दुकानात आली ती फक्त निरोप द्यायला. कैस नव्हता, कुणाच्या तरी घरी पंखा बसवायला गेला होता. गल्ल्यावर हमीदशेठ होते.

"कैसला सांगा चाचा, लॅपटॉप नको आता. मी दोहाला चाललेय."

हमीदशेठनी चष्मा कपाळावर चढवला. "मग त्या खोक्याचं काय करू?"

"कुठल्या?"

"अगं पोरी, पाच शुक्रवार झाले. तो वरचा लॅपटॉप विकायला काढला, की हा पोरगा म्हणतो, 'चाचा, त्याला हात लावू नका, बुक हाय.' कुणाचा, तर तुझा. म्हणतो, फोटोला यापरीस चांगला स्क्रीन न्हाय. आणि तुला जे दाखवले ना, ते चारही विकले गेले. एकाचीसुद्धा तक्रार न्हाय. माझं दुकान बुडवायला निघालाय!"

मिस्बाहनं वर बघितलं. फळीवरच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत तिचं नाव होतं, आणि खाली तारीख, दोन जानेवारी. ती पहिल्यांदा आली तो दिवस.

तेवढ्यात कैस शिडी खांद्यावर घेऊन दारात आला. तिचा चेहरा बघितला, खोक्याकडे बघितलं, आणि शिडी तशीच खांद्यावर राहिली. हमीदशेठना अचानक मागच्या गोदामात फार महत्त्वाचं काम आठवलं.

"पाच शुक्रवार," मिस्बाह म्हणाली. रागानं आवाज कापत होता, की आणखी कशानं, तिचं तिलाच कळेना. "तुम्हाला गंमत वाटत होती?"

"नाही! तुम्ही लॅपटॉप घेतला असता, तर… परत कशाला आला असता?"

"आणि मिळाला नाही म्हणून मी चाललेय. उद्या कागद देतेय हारिसला. कळतंय का?"

कैसनं शिडी भिंतीला टेकवली. ती घसरली, त्यानं परत टेकवली. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"हे… हे नव्हतं मला माहीत. अल्लाची शप्पथ. मला वाटलं, एक शुक्रवार आणखी मिळेल." तो दोन पावलं पुढे आला. "मिस्बाह, जाऊ नकोस. लॅपटॉपसाठी नाही म्हणत. माझ्यासाठी म्हणतोय."

तिनं परत फळीवरच्या खोक्याकडे बघितलं.

"मग आधी का नाही बोललात?"

"कुठल्या तोंडानं? व्हिसा सोडून आलेला मी. तुझे अब्बा, भाऊ तिकडे कमावतात. आणि बोललो असतो तरी…" त्यानं मान खाली घातली. "आपल्यात मागणी घरी जाऊन घालतात. माझी अम्मी येईलही. पण यायचं कुणाकडे? तुझ्या घरी आहे तरी कोण?"

दोन वर्षं हा प्रश्न तिला जो तो विचारत होता, आणि दर वेळी तिची मान खाली जायची. आज ती ताठ राहिली.

"मी आहे," मिस्बाह म्हणाली. "हारिसला मी आजच फोन करून सांगते, कागद येणार नाहीत. उद्या चार वाजता अम्मीला घेऊन या. मी घरीच असेन."