ताईचं कोपर

“ताई, माझ्या लग्नासाठी यातला एक निवड ना! तुला यातलं कळतं.”

छोटीनं तीन फोटोग्राफरांचे अल्बम जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं! बावीस वर्षं जिनं लोकांच्या लग्नांत पायांचे तुकडे पडेपर्यंत उभं राहून परक्या नवऱ्यामुलींच्या डोळ्यांतलं पाणी टिपलं, आई-बाबा गेल्यावर त्याच कॅमेऱ्याच्या जोरावर या धाकट्या बहिणीला लहानाचं मोठं केलं, स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ‘आधी छोटीचं शिक्षण होऊ दे’ म्हणत हसून टाळला... तिनंच आता आपल्या जागी उभा राहणारा माणूस पसंत करायचा!

“घरात मी मेलेय का?”

“त्या दिवशी तू काम करायचं नाहीस. बस्स!”

“का? माझे फोटो जुनाट वाटतात? की बहीण गळ्यात कॅमेरा अडकवून फिरते याची सासरच्यांसमोर लाज वाटते?”

छोटीनं अल्बम तिच्यापुढे सरकवले. ती लहानपणापासून अशीच होती, राग आला की तोंडाला कुलूप.

ताईनं संतापानं अल्बम उघडले. पहिल्यानं चेहरे इतके गुळगुळीत केले होते की नवरी आणि तिची आजी एकाच वयाच्या दिसत होत्या. दुसऱ्यानं सगळ्यांची पावलं कापली होती. हाच घे म्हणावं, चांगली अद्दल घडेल, असं क्षणभर मनात आलंही... पण तिसऱ्या अल्बममध्ये एका मुलीचा बाप रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेमागे डोळे पुसत उभा होता आणि आपल्याला कुणी पाहतंय हे त्याच्या गावीही नव्हतं. मेल्याला काम येत होतं!

“हा घे,” तिनं अल्बम ढकलला. बहिणीच्या लग्नाचे फोटो वाईट यावेत, एवढं दगडाचं काळीज तिला करता आलं नाही.

पुढचा महिनाभर ती छोटीशी कामापुरतंच बोलली. तिनं निवडलेल्या त्या दाढीवाल्या फोटोग्राफरनं फोन करून लग्नाच्या सभागृहात उजेड कुठून येतो ते विचारलं, तर हिनं खिडक्यांसकट सगळं समजावून सांगितलं आणि मग फोन आपटून स्वतःलाच शिव्या घातल्या.

लग्नाच्या दिवशी नव्या कपड्यांत तिला अवघडल्यासारखं होत होतं. कॅमेऱ्याचा पट्टा नसल्यानं मान रिकामी वाटत होती. टेबलावर विवाहाची नोंदवही उघडली गेली, नवऱ्यामुलानं सही केली आणि छोटीनं पेन उचललं.

“मॅडम, जरा जवळ या ना,” दाढीवाला ताईला म्हणाला. ती आली. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती दोन पावलं मागे सरकली. त्यानं पुन्हा बोलावलं, ती पुन्हा आली, पुन्हा सरकली. तिसऱ्या वेळी छोटीनं पेन टेबलावर आपटलं.

“मी सही करणार नाही!”

नवरामुलगा पांढराफटक पडला.

“ताई, तू परत फोटोच्या बाहेर गेलीस!”

“अगं, सवय...”

“जळो ती सवय! घरात माझे हजार फोटो आहेत. पडलेला दात, फुटलेले गुडघे, शाळेचा पहिला दिवस! आई-बाबा निदान भिंतीवर तरी आहेत. तू कुठे आहेस? उद्या माझ्या लेकरांना मावशी म्हणून काय दाखवू, कॅमेऱ्याची पिशवी?”

ताईचा महिनाभर कोंडलेला राग उसळून वर आला. “मग हे त्याच दिवशी का नाही बोललीस? माझ्या हातचं काम नकोसं झालं म्हणून मी महिनाभर जळत राहिले!”

“बोलले असते तर म्हणाली असतीस, कॅमेरा स्टँडवर लावते आणि पळत येते. माझ्या बक्षिसाच्या दिवशी लावला होतास ना? तू पोचेपर्यंत फोटो निघून गेला, माझ्या शेजारी तुझं नुसतं कोपर आलं!” छोटीचा आवाज फाटला. “तो कोपराचा फोटो मी अजून जपून ठेवलाय, ताई... माझ्याकडे तुझा तेवढाच आहे!”

ताईचे डोळे घळाघळा वाहू लागले, पण राग काही उतरेना, आणि त्या रागातच तिनं खुर्ची ओढली नि धपकन छोटीच्या शेजारी बसली.

“कर सही. माणसं ताटकळलीत. आणि तोंड खिडकीकडे कर, नाकाची सावली पडतेय.”

“गप्प बस!” छोटी रडत ओरडली. डाव्या हातानं तिनं ताईचं मनगट गच्च धरलं आणि उजव्या हातानं सही केली.

दाढीवाल्यानं कॅमेरा उचलला. ताईचे पाय खुर्चीखाली मागे सरकले, पण मनगट काही सुटलं नाही.

तो फोटो घरी आला, तेव्हा त्यात दोघी बहिणी लाल नाकांनी एकमेकींवर डोळे वटारून बसल्या होत्या. ताईनं तो बराच वेळ पाहिला.

“डोक्यावर जागा जास्त सोडलीय त्यानं,” ती कुरकुरली. मग हातोडी शोधून आणली आणि आई-बाबांच्या शेजारी खिळा ठोकला.