उलटा फिरवलेला श्वास

सिनेमा चालू असताना ताई सिनेमा बघत नसे. पडद्याच्या खाली, भिंतीला पाठ टेकून ती एक लाकडी स्टूल टाकून बसायची आणि सिनेमा बघणाऱ्यांकडे बघायची. तिचं काम संकलनाचं. शेकडो तुकड्यांतून हवं ते ठेवायचं, नको ते कापायचं. पण कात्री कुठे चालवायची हे पडदा सांगत नाही, चेहरे सांगतात, असं तिचं ठाम मत. माणूस बाहेर आला की तोंडभरून 'छान होता हो' म्हणतो. आत कंटाळलेला असतो तेव्हा मात्र त्याचा हात खिशाकडे जातो. रडू यायच्या आधी हनुवटी हलते. तोंड खोटं बोलेल, हनुवटी बोलायची नाही.

त्या दुपारीही ती नेहमीसारखी स्टूल उचलून थिएटरात गेली. नवा सिनेमा प्रदर्शित व्हायला थोडा अवकाश होता. तोवर रोज दुपारी बोलावलेल्या लोकांना तो दाखवायचा, त्यांचे चेहरे वाचायचे, संध्याकाळी फेरफार करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचा, अशी त्यांची रीत होती. गोष्ट एका यंत्रमानवाची. एका घरात कामाला ठेवलेलं यंत्र हळूहळू माणूस होत जातं. अगदी शेवटी ते खिडकीपाशी उभं राहतं, त्याची छाती वर येते आणि ते आयुष्यातला पहिला श्वास घेतं. एक शब्द नाही, संगीत नाही. नुसता श्वास, आणि सिनेमा संपतो.

नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. कुठलाच श्वास दिग्दर्शकाच्या पसंतीस उतरेना. चांगल्या चांगल्या नटांना बोलावून माईकपुढे उभं केलं. हा दमलेला वाटतो, हा झोपलेला, आणि हा तर नुसता भाता आहे, असं म्हणत त्यानं सगळ्यांना वाटेला लावलं.

"ताई, मला जन्मल्यासारखा श्वास हवाय," तो म्हणाला होता.

"अरे, जन्मलेलं मूल बोंबलतं. श्वास घेऊन दाखवत बसत नाही," ताई म्हणाली होती.

संकलनात एक सवय असते. हवा तो आवाज मिळेपर्यंत तिथे काहीतरी तात्पुरतं लावून ठेवायचं, म्हणजे जागा बोडकी दिसत नाही. आणि तात्पुरतं म्हणून ठेवलेलं तेच घरात सगळ्यांत जास्त टिकतं, हे ठाऊक असूनही आपण सगळेच ते करतो. ताईनंही केलं. तिच्याकडे एक श्वास होता. तिच्या वडिलांचा.

वडील ध्वनिमुद्रक होते. आयुष्यभर त्यांनी वारा, पावलं, दारांची कुरकुर असलं काय काय गोळा केलं. शेवटच्या दुखण्यात उशाशी माईक लावायला त्यांनीच सांगितलं होतं. "खरा आवाज आहे, वाया घालवू नकोस," म्हणाले होते आणि हसले होते. ते गेले तेव्हा खोलीत ताई एकटीच होती. आई पाणी गरम करायला स्वयंपाकघरात गेली होती. 'माझी पाठ वळली आणि हे गेले,' हे वाक्य आई त्यानंतर कितीदा म्हणाली असेल, त्याला हिशेब नाही. आपल्याकडे तो शेवटचा आवाज आहे हे ताईनं तिला कधी सांगितलं नाही. जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

पण तो होता बाहेर सोडलेला श्वास, आणि सिनेमाला हवा होता आत घेतलेला. तेव्हा ताईनं तो उलटा फिरवला. उच्छ्वास उलटा फिरवला की श्वासासारखा ऐकू येतो, ही त्या धंद्यातली साधी युक्ती. तो तिनं यंत्राच्या छातीवर बरोबर बसवला. चार दिवसांनी काढून टाकू, असं स्वतःला बजावलं आणि घरी जाऊन स्वस्थ झोपली.

पहिल्याच खेळाला तो श्वास आला आणि सगळं प्रेक्षागृह जागच्या जागी थांबलं. कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही. पडद्याचा फिकट उजेड चेहऱ्यांवर पसरला होता आणि रांगच्या रांग हनुवट्या थरथरत होत्या. दिग्दर्शक धावतच आला. त्याचे डोळे भरले होते.

"ताई, याला हात लावायचा नाही. कुठून आणलात हा?"

"आहे जुना, माझ्याकडे पडलेला," ताई म्हणाली. तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. श्वास आला त्या क्षणी चष्मा लावलेल्या एका बाईनं पडद्यावरची नजर काढून मान वळवली होती. मधल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे तिनं पाहिलं होतं. कुणी येऊन बसलं की आपण बघतो, तसं.

दुसऱ्या दिवशी ती आख्खी रांग वळली. तिसऱ्या दिवशी पुढच्या रांगांतले लोकही मागे वळून बघू लागले. पडद्यावर यंत्राचा माणूस होत होता, ज्यासाठी ही मंडळी इतका वेळ बसली होती. आणि नेमक्या त्या घटकेला सगळ्यांची नजर एका रिकाम्या खुर्चीवर. बाहेर पडताना मात्र कुणाला त्यातलं काही आठवत नसे. सिनेमा फार आवडला, असंच जो तो सांगे. फक्त दारावरच्या म्हाताऱ्या डोअरकीपरला कुणी ना कुणी हळूच विचारी, "मामा, आत औषधाचा वास कसला हो येतो? आजारी माणसाच्या खोलीत येतो तसा?"

मामा खांदे उडवायचे. तो वास मात्र ताईच्या स्टुलापर्यंतही पोचत होता. बरेच दिवस न बदललेल्या चादरीचा, घामाचा, बाटलीतल्या कडू औषधाचा. तो तिला पाठ होता.

अशात आईनं हट्ट धरला. "मला का नाही नेत? तुझ्या बापामागे तुझा सिनेमा बघायला आता माझ्याशिवाय आहे कोण?" ताईनं टाळून पाहिलं, गर्दीचं निमित्त सांगून पाहिलं. आई ऐकणाऱ्यातली नव्हती. ती आली, आत शिरली, आणि कुणी हाताला धरून न्यावं तशी थेट त्या मधल्या रांगेत गेली. रिकाम्या खुर्चीच्या शेजारी बसली.

ताई त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडेही बघत नव्हती. श्वास आला. सगळं प्रेक्षागृह वळलं. आई वळली नाही. ती समोर बघत राहिली, किंचित हसली आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेलं कोपर तिनं जरासं आत ओढून घेतलं. शेजाऱ्याला जागा करून दिल्यासारखं.

दोघी चालत घरी निघाल्या. वाटेत आई म्हणाली, "तू होतीस ना तेव्हा खोलीत?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला त्रास होईल वाटलं, आई..."

"मला कसला त्रास? इतकी वर्षं शेजारी झोपले, मला यांचा श्वास कळणार नाही? पण तू उलटं केलंस गं. हे निघाले होते, तू मागे ओढलंस." ती थोडं चालली. "बरं केलंस."

त्या रात्री ताईच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आई मग रोज येऊ लागली. जेवण अर्ध्यावर टाकून, ताईच्या आधी तयार होऊन. आणि दिवसागणिक ती सुकत चालली. आधी जिना चढताना एकदा थांबायची, मग प्रत्येक वळणावर थांबू लागली. बोलताना वाक्य पुरं होईना. डॉक्टरांनी तपासलं, छातीचे फोटो काढले. फुप्फुसं स्वच्छ होती. "वय झालं," डॉक्टर म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही की डॉक्टर हेच म्हणतात.

"आई, खरं सांग," ताईनं एका संध्याकाळी तिचे पाय चेपता चेपता विचारलं. "तिथे काय होतं?"

आई छताकडे बघत पडली होती. ती अगदी हळू म्हणाली, "अडकलेत गं ते. आत घेतलाय, पण सोडायला त्यांच्याजवळ काही उरलेलं नाही. फार दमलेत... मी देते थोडा माझ्यातला."

"काय देतेस?"

 आईनं ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. हात बर्फासारखा गार होता.

ताईला रडू फुटलं. वडिलांना ती एकदा गमावून बसली होती. आता आपल्याच हातानं आईला त्यांच्यामागे लावून दिलं होतं. तिनं तडक दिग्दर्शकाला गाठलं आणि श्वास बदलतेय म्हणून सांगितलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" तो ओरडला. "तो श्वास म्हणजे माझा सिनेमा आहे!"

"तुझा नाहीये तो," ताई म्हणाली. आणि ती तिथून निघाली.

संकलनाच्या खोलीत तिनं दार लावून घेतलं. यंत्राच्या छातीवरचा तो तुकडा उचलला. नुसता पुसून टाकायचा तिला धीर होईना. तिनं तो पुन्हा फिरवून सरळ केला, जसा होता तसा, आणि एकदा वाजवला. वडिलांनी सोडलेला श्वास खोलीभर पसरला, लांब आणि सावकाश, आणि संपला. "जा बाबा," ताई म्हणाली. "माझी चूक झाली. तुम्ही जा आता." मग तिनं तो मुळातूनच पुसला. माईकपुढे उभी राहून स्वतःचा श्वास घेतला आणि त्या जागी बसवला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं.

दुसऱ्या दुपारी ती आईला म्हणाली, "आज नको येऊस. आता तिथे काही नाही." पण आई केव्हाचीच तयार होऊन बसली होती. चेहरा टवटवीत होता. जिना ती न थांबता उतरली. ताईला इतका आनंद झाला की तिनं आणखी अडवलं नाही. एक शेवटचा दिवस बघू दे, रिकामी खुर्ची रिकामीच आहे हे तिचं तिला कळू दे, असा तिनं विचार केला.

मात्र आत बसायचा तिला धीर झाला नाही. खुर्ची रिकामी आहे हे कळल्यावर आईचा चेहरा कसा होईल, तो तिला बघवला नसता. ती बाहेर मामांच्या शेजारी बाकावर बसून राहिली. आतून सिनेमाचे पुसट आवाज येत होते. मग शांतता झाली, म्हणजे खिडकीचं दृश्य आलं. मग दारं उघडली.

लोक बाहेर येऊ लागले. आज कुणी मामांना वासाचं विचारत नव्हतं. एक वयस्क जोडपं भांडत भांडतच बाहेर पडलं.

"शेवटचं ते बोलणं मला फार आवडलं," बायको म्हणाली.

"कुठलं?"

"तो विचारतो ना, 'येतेस का?' म्हणून. किती मायेनं विचारतो!"

"तो कुठे विचारतो? बाईचाच आवाज होता. 'आले' म्हणाली."

"अहो, तो विचारतो आणि मग ती 'आले' म्हणते. लक्ष कुठे असतं तुमचं?"

ताई उठून उभी राहिली. शेवटच्या दृश्यात बोलणं नव्हतं. बाईही नव्हती. त्या खिडकीपाशी यंत्राशिवाय कुणीच नव्हतं.

"आई..." ती आत धावली.

दिवे लागलेले होते. मधल्या रांगेत आई बसून होती, मान थोडी शेजारच्या खुर्चीकडे कललेली, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. ताईनं तिच्या नाकाशी बोटं धरली. बराच वेळ धरली. मग ती खाली गुडघ्यांवर बसली आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलीसारखी रडली. आईची या खेपेला पाठ वळलेली नव्हती.

मामांनी फोन करून माणसं बोलावली. ती स्ट्रेचर घेऊन आली आणि रांगेत अडली. त्या थिएटरातल्या खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. सगळ्या रांगा मिटलेल्या होत्या. आईच्या शेजारची तेवढी उघडी होती. वाट करायला मामांनी ती वर ढकलली. हलली नाही. त्यांनी दोन्ही हात लावले, मग गुडघा लावला. बैठक तसूभर उचलेना.

"गंजली असेल," मामा म्हणाले. पण त्यांनी हात चटकन मागे घेतला होता.

"राहू द्या," ताई म्हणाली. "पलीकडून न्या."

त्यांनी आईला पलीकडून उचललं. तिची खुर्ची तिच्यामागे मिटली. रांगेतून, मग मधल्या वाटेनं ते सावकाश निघाले, ताई पुढे. दाराशी पोचून तिनं दार उघडून धरलं. स्ट्रेचर उंबऱ्यात आलं, आणि मागे रिकाम्या प्रेक्षागृहात खट्कन दुसरी खुर्ची मिटली.

 माणसं थबकली, एकमेकांकडे पाहून पुन्हा चालू लागली. ती बाहेर पडली, मामा बाहेर पडले. ताई दार धरून तशीच उभी होती. औषधाचा तो वास मधल्या वाटेनं जवळ आला, तिच्या खांद्याला लागून गेला, आणि त्यानंतरच तिनं दार सोडलं.