९४९ ची सावली

माझा जावई ब्रेंटन भरल्या ताटावरून उठतो.

बावीस वर्षं उठतोय. लांबून मालगाडीचा आवाज आला की हातातली पास्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली भाजकी करंजी, टाकून, कॅमेरा गळ्यात अडकवून हा बाहेर. ती पास्टी मी पहाटे उठून भाजलेली असते. ती गार होते, तिच्यावर माश्या बसतात, आणि जावईबापू परत येऊन मला सांगतात, "आई, त्या इंजिनाला नवा रंग दिलाय हो."

मला काय करायचंय रंगाशी.

पण या वेळी त्याने जे केलं ते पास्टी टाकण्याइतकं साधं नव्हतं. म्हणून लिहायला बसलेय. बाराव्या वर्षी शाळा सोडलेली बाई आहे मी, सजवून लिहिता येत नाही. जसं झालं तसंच लिहितेय. ज्याला खोटं वाटेल त्याने आमच्या वॉरिन्या गावात यावं आणि संध्याकाळी पावणेसहाला माझ्या मागच्या अंगणात उभं राहून दाखवावं.

रात्री यायची गरज नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पावणेसहाला लख्ख ऊन असतं.

गेल्या फेब्रुवारीतला गुरुवार, म्हणजे आमच्याकडचा ऐन उन्हाळा. जागा कुरिंडा सायडिंग, म्हणजे गाड्या बाजूला घ्यायचा जोडरूळ, गावापासून साठ किलोमीटर उत्तरेला, नाल्याच्या काठावर.

आधी थोडं मागचं सांगते.

माझा नवरा क्लेम मालगाडीचा ड्रायव्हर होता. ९४० क्लासची डिझेल इंजिनं चालवायचा. अशी इंजिनं सगळी मिळून चौदाच बनली. १९८९ च्या फेब्रुवारीत कुरिंडाच्या नाल्याला पूर आला, पूल वाहून गेला, आणि क्लेमचं ९४९ नंबरचं इंजिन नाल्यात गेलं. क्लेम तिसऱ्या दिवशी सापडला. त्याला मी माझ्या हाताने माती दिली.

इंजिन मात्र वाळूत रुतलेलं. रेल्वेवाले म्हणाले, तिथेच कापून भंगारात दिलं. पण कापताना कुणी पाहिलं नाही. एक फोटोसुद्धा नाही.

ब्रेंटन याच चौदा इंजिनांचा इतिहास गोळा करतो. कुठलं कधी रुळावर आलं, कुठे कुठे धावलं, रंग कधी बदलला, शेवटी कुठे कापलं. या वेड्या लोकांचा एक नियम आहे. डोळ्यांनी पाहिलेला माणूस तरी हवा, नाहीतर फोटो. त्याशिवाय कुठल्याही इंजिनापुढे 'कापले' असं लिहायचं नाही. ती जागा रिकामी सोडायची.

तेरा इंजिनांचा हिशोब लागला होता. ९४९ ची जागा रिकामी होती.

मला ती रिकामी जागा बरी वाटायची. का, ते मी कुणाला कधी सांगितलं नाही.

मग याने पुस्तक छापायला घेतलं. पर्थचा कुणी माणूस हेच लिहितोय अशी बातमी लागली, आणि याची झोप उडाली.

"आई, रिकामी जागा छापली तर लोक म्हणतील काम अर्धवट आहे."

"म्हणू देत. अर्धवट माणसाचं काम अर्धवट असायचंच."

"क्लेमचं इंजिन होतं म्हणून तुम्हाला विचारतोय."

"विचारतोयस ना? मग नाही."

त्याने लिहिलंच. '९४९ : कापले, कुरिंडा, १९८९.' पुस्तकं छापून घरात आली तेव्हा मला कळलं. तीनशे प्रती. त्यातल्या चाळीस त्याच दिवशी टपालाने गेल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. या इंजिनवेड्यांच्या क्लबात भाषण करायचं होतं, त्यासाठी जागेचा फोटो हवा म्हणून हा कुरिंडाला गेला.

तिथे मी नव्हते. पण ब्रेंटनने मला हे वीस वेळा तरी सांगितलंय, आणि दर वेळी अक्षर न अक्षर तेच.

तो साडेपाचला पोचला. रूळ दहा वर्षांपूर्वीच उखडून नेलेत. उरलाय तो मातीचा लांब उंचवटा, थोडी खडी, आणि पुलाचे दोन दगडी खांब. दहा मैलांत झाड नाही. नुसती गुडघ्याएवढी खारट झुडपं. त्रेचाळीस डिग्री ऊन. माश्या इतक्या, की तोंड उघडायची सोय नाही.

फोटोवाल्यांचं एक ठरलेलं असतं. ऊन पाठीशी घ्यायचं, म्हणजे इंजिनाच्या तोंडावर उजेड पडतो. इंजिन नसलं तरी सवय जात नाही. हा उंचवट्याच्या मधोमध, जिथे रूळ होते तिथेच उभा राहिला. तोंड खांबांकडे, पाठ उन्हाकडे. पुढे त्याची स्वतःची सावली लांबलचक पडलेली.

एक फोटो काढला.

आणि मग... माश्या गेल्या.

एकही नाही. कानाशी गुणगुण नाही, ओठावर वळवळ नाही. वाराही नाही.

मग आवाज आला... धक धक धक. चौथा ठोका गायब. पुन्हा धक धक धक.

उभं इंजिन नुसतंच चालू ठेवलं की येतो तो आवाज. ब्रेंटनने हा आवाज शंभर वेळा टेप केलाय. ९४० क्लासचाच. त्यात एक सिलिंडर लंगडा.

शहाणा माणूस गाडीकडे पळाला असता. पण हा पडला फोटोवाला. याच्या मनात काय आलं, तर उजेड चांगला आहे. इंजिन समोरून येणार असं धरून, कॅमेरा डोळ्याला लावून तो तिथेच उभा राहिला.

समोर काहीच नव्हतं.

मग त्याच्या मानेला गारवा लागला...

त्याने खाली बघितलं. पुढची सावली गेली होती. म्हणजे त्याची सावली गेली होती. खडी, माती, झुडपं, सगळंच सावलीत होतं. दहा मैलांत झाड नसलेल्या जागी.

सावलीची कड सरळ होती. चौकोनी.

डिझेलचा वास आला. तापलेल्या लोखंडाचा आला.

त्याने वळून बघायचं ठरवलं. मान वळेना.

"आई, मान होती," तो मला म्हणाला, "पण ती माझी नव्हती."

बोट मात्र हललं. कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबलं गेलं.

आणि कानामागे, हातभर अंतरावर, भोंगा वाजला...

पुढच्या क्षणाला ऊन परत अंगावर. माश्या परत तोंडावर. तो गर्रकन वळला. मागे रिकामी माती.

घरी आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझी मुलगी शेरिल त्याला पाणी पाजत होती आणि मी, माझं तोंड काही थांबत नाही, मी म्हणत होते, "ऊन लागलंय. टोपी घालायला लाज वाटते ना याला."

त्याने कॅमेऱ्यातला फोटो दाखवला.

जमिनीवर सावली. चपट्या नाकाची, वर केबिनचं छप्पर. केबिनच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलेलं.

क्लेम कोपर बाहेर काढून गाडी चालवायचा. त्यासाठी दोनदा साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"भोंगा कसा वाजला?" मी विचारलं.

त्याने तोंडाने वाजवून दाखवला. दोन आखूड, एक लांब.

मी खाली बसले.

आमच्या गावात प्रत्येक ड्रायव्हरचा घरच्यासाठी एक भोंगा असायचा. फाटकापाशी वाजवायचा. नियमात बसत नव्हतं, पण सगळेच वाजवायचे. दोन आखूड, एक लांब, म्हणजे 'नोला, किटली ठेव, मी आलो.' नोला म्हणजे मी. हे शेरिललासुद्धा माहीत नव्हतं. ते माझं आणि त्याचं होतं.

शुक्रवारी पावणेसहाला ब्रेंटन माझ्या टेबलावरून उठला.

"कुठे चाललास?" शेरिल म्हणाली.

कॅमेरा घेतला, मागच्या अंगणात गेला, आणि उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. आम्ही दोघींनी त्याला ओढला. कुंपणाचा पुरलेला खांब ओढावा तसा. हलला नाही.

मग सावली आली... माझ्या अंगणात. माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर.

मी त्याच्या मागे जाऊन उन्हात बघितलं. डोळे फुटतील असं ऊन, आणि काही नाही. पण माझे पाय सावलीत होते.

"क्लेम," मी म्हणाले.



छत्तीस वर्षं मी संध्याकाळी दोन कपांचं पाणी ठेवत आलेय. आणि हा आला तो या फोटोवाल्यासाठी. त्याचं मला काय वाटलं ते इथे लिहिणार नाही.

तेव्हापासून रोज.

पुस्तकातली ती ओळ आम्ही तिघांनी बसून काळ्या शाईने खोडली. दोनशे साठ प्रती. गेलेल्या चाळीसांसाठी पत्रं लिहिली. अकरा परत आल्या. बाकीचे म्हणतात, पैसे देऊन घेतलंय, का परत करू? डॉक्टर म्हणाला उष्माघात, गोळ्या दिल्या. पाद्री आला, चहा प्यायला, गेला. शेरिलने दाराला कुलूप घातलं, तर हा मजघरात खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. सावली मजघरात आली.

पहिल्या दिवशी ती क्षणभर होती. आता ती असते तेवढ्या वेळात किटली दोनदा उकळते.

काल तो परत आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर काळं ग्रीस होतं. रुंद, आडवा पट्टा, इंजिन पाठीला टेकल्यासारखा. शेरिलने तीनदा धुतला शर्ट. डाग निघत नाही. ती मोरीपाशी उभी राहून नुसती त्या शर्टाकडे बघत होती, आणि मला तिला सांगायला एक शब्द सुचला नाही. मला.

आज पास्टी केल्या होत्या. ब्रेंटन बसला, अर्धी खाल्ली. डोळे खोल गेलेत त्याचे. घड्याळाकडे बघत म्हणाला, "आई, ओळ खोडली ना मी. मग आता काय हवंय त्याला?"

मी काही बोलायच्या आत... धक धक धक.

त्याने पास्टी खाली ठेवली. कॅमेरा गळ्यात अडकवला. दारापर्यंत गेला. शेरिल भिंतीला टेकून रडत होती. त्याला ओढायला ती आज उठलीच नाही.

मी त्याच्या पाठीला सांगितलं, "तू न बघता लिहिलंस, ब्रेंटन. आता तो रोज येऊन उभा राहतो, बघ म्हणतो, आणि तुझी मान वळत नाही. ते शाईने खोडलं जात नाही, आणि माझ्याही हातात काही नाही. जा. पास्टी झाकून ठेवते."