मागचा डावा कोपरा

रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने वरच्या खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला आणि न विचारता माझ्या डीप फ्रायरमध्ये घातला.

"मागचा डावा कोपरा," तो म्हणाला. "कडेच्या खाली. जुना थर आहे."

आरसा माझ्या तोंडात घातला असता तरी मी इतकी ओशाळले नसते.

"आपण कोण?"

"दातांचा डॉक्टर." त्याने आरसा रुमालाने पुसला. "माफ करा हं. उघडं काही दिसलं की हात आवरत नाही..."

त्याच्या बगलेत अगदी माझ्यासारखाच फ्रायर होता. फक्त तो चमकत होता. बदलून देण्याच्या खिडकीवरच्या काकांनी त्याला विचारलं, "काय तक्रार?"

"साफ होत नाही."

काकांनी आत वाकून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. "हा तर लखलखतोय."

"दवाखान्यातली निम्मी हत्यारं लागली हो त्याला."

"पण झाला ना? मग तक्रार कसली?"

मग माझी पाळी. माझ्या फ्रायरकडे बघून काकांनी खुर्चीच मागे सरकवली. "असा कसा घेऊ? साफ करून आणा."

"साफ होत असता तर आणला कशाला असता?"

"तुमचं अगदी बरोबर आहे," काका म्हणाले. "पण साफ करून आणा."

लसीकरणाला आलेल्या आईबापांसारखे आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो, आपापला फ्रायर मांडीवर घेऊन. त्याच्या हाताला लवंगेच्या तेलाचा वास होता. माझ्या हाताला जळक्या बटाट्याचा.

चूक माझीच होती. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज काहीतरी तळतात. मागच्या महिन्यात कढई गॅसवर ठेवून ते शेजाऱ्यांशी गप्पा मारायला गेले आणि आम्हाला खिडकीचा पडदा नवा घ्यावा लागला. म्हणून मी हा फ्रायर आणला. रंग बघून. याचं भांडं बाहेर निघत नाही हे घरी येऊन कळलं. खाली वायर, त्यामुळे नळाखाली धरता येत नाही. आणि कड आत वळलेली, तिथे गेलेलं तेल म्हणजे सासरी गेलेली मुलगी. येतं कधीतरी, पण राहायला नाही.

"हा साफ करायला हवा," तो विचार करत म्हणाला, "पण इतकाच, की काका हातात घेतील. अगदी स्वच्छ झाला तर तक्रारच उरणार नाही. नाजूक काम आहे. दुपारच्या सुट्टीत दवाखान्यात आणाल?"

"आणि तुमचा?"

"माझा काय... मी एकटा. किती तळणार?"

हे तो फ्रायरला उद्देशून बोलला. पण ऐकलं मी.

मी दुसऱ्या दिवशी गेले. दवाखान्यातल्या ताईंनी मला नंबर दिला आणि फ्रायरला खुर्ची. त्याने मोठा दिवा खाली ओढला, मुखपट्टी लावली आणि वाकडी सळई कडेखाली घातली.

"दुखलं तर हात वर करा," तो म्हणाला.

मी हात वर केला.

"काय झालं?"

"काही नाही. बघत होते, थांबता का ते."

मुखपट्टीच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते. ते हसले. बाकीचं हसू मी घरी जाऊन मनात काढून पाहिलं, बराच वेळ.

"आजच्यापुरतं झालं," शेवटी तो म्हणाला. "मागचा डावा कोपरा राहिलाय. पुन्हा यावं लागेल."

पुन्हा जाईपर्यंत बाबांनी तळलेलं असायचंच, त्यामुळे काम कधी संपत नव्हतं. संपत नव्हतं हे बरं होतं, आणि बरं का होतं या विचाराने मला चैन नव्हती. मी गाद्यांच्या कारखान्यात कामाला आहे. नव्या गादीवर स्वस्थ पडायचं आणि कशी आहे ते सांगायचं, एवढंच काम. पण आता पडलं की कूस बदलावीशी वाटे, उठावंसं वाटे, खिडकीशी जावंसं वाटे — आणि खिडकीशी गेलं की पुन्हा पडावंसं. त्या आठवड्यात मी सगळ्या गाद्या नापास केल्या. मुकादम स्वतः एका गादीवर झोपून बघायला गेले, ते जेवायच्या सुट्टीलाच उठले. "मला तर काही खोट दिसली नाही," ते म्हणाले.

घरीही तेच. मी फोन उचलायची, ठेवायची, फ्रायरचं झाकण उघडायची, लावायची.

"भिंगरे, बस की जरा," बाबा म्हणाले. लहानपणापासून मी त्यांची भिंगरीच. "काय झालंय तुला?"

"बाबा, आज काही तळणार नाही का?"

"पोट बिघडलंय गं. दोन दिवस मऊ भातच."

दोन दिवस. मी बशीत थोडं तेल घेतलं आणि बोटाने मागच्या डाव्या कोपऱ्यात नीट चोपडलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. पुन्हा भात खायला गेले.

अन् मग दुकानातून फोन आला. मालकीणबाईंनी घरी हाच फ्रायर वापरला होता. त्यानंतर मालकांनी नियमच काढून टाकला: कसाही आणा, बदलून न्या.

आम्ही दोघं पुन्हा त्या खिडकीपाशी. या वेळी काकांनी नवे नमुने मांडले होते. त्याने एकेकात आरसा घातला. हा नको, याच्या झाकणाला सांधे फार. हा नको, जाळीचा दांडा निघत नाही. मग एकापाशी थांबला.

"हा घ्या. भांडं उचलून बाहेर येतं, झाकण सुटतं, कॉईल वर निघते. तेल खालच्या तोटीने डब्यात. कड सरळ आहे. ओला फडका फिरवला की झालं. मिनिटाचं काम."

मिनिटाचं. मी त्या सरळ कडेवरून बोट फिरवलं. कुठेच कोपरा नव्हता. इतकी निर्दय वस्तू मी आजवर पाहिली नव्हती.

"हा दुसरा कसा आहे?" मी विचारलं. "सांधे असलेला."

"तो साफ करताना जीव जाईल."

"चालेल."

"अहो, पण—"

"म्हणजे याला... दाखवायला आणावं लागेल ना? अधूनमधून?"

त्याने आरसा खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. काका पावती पुस्तकातलं कोरं पान फार मन लावून वाचू लागले.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "मागचा डावा कोपरा... पहिल्याच दिवशी साफ होत होता. मी सोडला."

"दुकानासाठी?"

"पहिल्यांदा दुकानासाठी." त्याचे कान लाल झाले. "नंतर कोणाच्या लक्षात होतं दुकान?"

आता माझी पाळी होती आणि पळायला जागा नव्हती. "मागच्या वेळी आमच्याकडे काही तळलंच नव्हतं," मी म्हणाले. "तेल मी बोटाने लावलं होतं."

"माहीत आहे. ते तापलेलं नव्हतं, हाताला लगेच कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"खोटं दुखणं घेऊन कोणी मुद्दाम दातांच्या डॉक्टरकडे येतं का? माझ्याकडे पहिल्यांदाच आलं. म्हटलं, बोललो तर पुन्हा येणार नाही."

मी हात वर केला, दवाखान्यात केला होता तसा. तो थांबला. मग त्याने तो हात धरला आणि हळूच खाली आणला, पण सोडला नाही.

"सोपा घे," तो म्हणाला. मला पहिल्यांदाच एकेरीत. "मी असाही येईन."

"सोप्याचा एकच नग आहे," काका कोऱ्या पानातून म्हणाले. "कुणाच्या घरी पाठवू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आत्ता तरी यांच्याकडे."

"आत्ता?" काकांनी मान वर केली.

"आत्ता," तो म्हणाला, आणि कान पुन्हा लाल.

घरी बाबांनी नव्या फ्रायरची तोटी उघडून, बंद करून पाहिली. "डॉक्टरांना आवडतात का बटाटे?" त्यांनी विचारलं. त्यांचं पोट, म्हणे, त्याच दुपारी बरं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, समोर आलेल्या गादीवर पडले आणि सुट्टी होईपर्यंत हलले नाही. गादी दगडासारखी होती. मी पास केली.