ताट येण्याआधी पाच तारे

…आणि हॉटेलबाहेरच्या बाकावर जागा एकच होती.

आवडानं स्कूटी लावली, चावी पर्समध्ये टाकली, काढून परत बघितली, परत टाकली, आणि त्या जागेवर जाऊन बसली. तोंडाला ओढणी तशीच गुंडाळलेली, वर गॉगल. मे महिन्यातली दुपार. स्टेशन रोडवर असं ऊन की ओढणी सोडली असती तर गाल भाजले असते.

हॉटेलच्या दारावर पाटी होती. चार पूर्णांक आठ तारे. दोन हजार तीनशे अकरा लोकांचं मत. हॉटेल तिनंच निवडलं होतं. स्वतःच्या मतावरचा भरवसा गेल्या वर्षी उडाला, तेव्हापासून ती लोकांच्या मतानं चालायची.

"तुमचा पण नंबर यायचाय का?" शेजारच्यानं विचारलं. चष्मा, कडक इस्त्रीचा निळा शर्ट, कॉलरच्या आत घामासाठी रुमाल.

"मीच लवकर आलेय. पाऊण तास."

"मी एक तास," तो म्हणाला, आणि मोठेपणा मिळवल्यासारखा जरा ताठ बसला.

ती ओढणीच्या आत हसली. "लई भीती वाटायलीय," ती बोलून गेली. तोंड झाकलेलं असलं, समोरचा अनोळखी असला, की खरं बोलणं किती सोपं…

"जेवायची?"

"एका माणसाला भेटायची. जेवण होईपर्यंत ठरवायचं, पुढची चाळीस वर्षं त्याच्यासोबत काढायची का नाही ते."

तो हसला नाही. खिशातून चार घड्यांची चिठ्ठी काढून म्हणाला, "मी तर प्रश्न लिहून आणलेत. पंधरा."

"बघू." तिनं चिठ्ठी घेतली. शाई घामानं पसरली होती. "छंद कोणते… हा खोडा. कुणी विचारलं की मी वाचन म्हणते. शेवटचं पुस्तक दहावीत वाचलंय."

"मी पण वाचनच म्हणतो."

"मग वाचता का?"

"हजेरीपट."

आता ती मोठ्यानं हसली. आणि हसता हसता मनात पाल चुकचुकली. हजेरीपट म्हणजे मास्तर. मास्तर म्हणजे बायोडेटातली फुलंब्रीकडची झेडपीची शाळा. म्हणजे —

दारावरच्या माणसानं वही बघून हाक मारली, "बद्रीनाथ, दोन जण."

शेजारचा गडबडून उठला. "एक जण यायचंय अजून…"

आवडानं गॉगल काढला. ओढणीचा एक वेढा सोडला, मग दुसरा. बायोडेटातल्या फोटोत तो बिनचष्म्याचा, सुटात, मागं समुद्र असा उभा होता. तिच्या फोटोत स्टुडिओवाल्यानं तिला दोन छटा उजळ केलेलं. ओळखणार कोण कुणाला.

"आलंय," ती म्हणाली.

*

तुमचा अनुभव कसा होता?
☆☆☆☆☆
(अजून पाणीसुद्धा आलं नव्हतं.)

*

हे मुबारकभाईंचं काम. पन्नाशीचे वेटर, मेंदी लावलेली दाढी, हातात प्लॅस्टिक मढवलेलं, फोननं स्कॅन करायचं कार्ड. ऑर्डर लिहून घेतली, दोन नान-खलिया, आणि कार्ड टेबलावर सरकवलं. "मॅडम, पैले पाँच तारे मारो. मैं फिर्नी लातूँ. फुकट."

"जेवणाआधी?" आवडानं विचारलं.

"सब पैलेच मारते. बाद में कौन मारता?"

म्हणजे हे असं होतं. दोन हजार तीनशे अकरा माणसं उपाशीपोटी, फिर्नीच्या आशेनं, कोरं ताट समोर घेऊन पसंती देऊन मोकळी झाली होती. आवडाला ते कळलं. कळूनही तिचा अंगठा फोनवर गेला, कारण मुबारकभाई उभे होते, कारण समोर एवढं मोठं माणूस उभं असताना नाही कसं म्हणायचं… एक, दोन, तीन, चार, पाच.

"आप, साब?"

"पेपर बघितल्याशिवाय मार्क द्यायचे कसे?" बद्रीनाथ म्हणाला. "खाऊ आधी."

तिनं त्याच्याकडं बघितलं. किती सरळ म्हणाला. तिला गेल्या वर्षी हेच एक वाक्य जमलं असतं तर…

*

साळूमावशी, १.४०: आवडे, पोरगं कसं हाय

साळूमावशी, १.४१: इकडं समदे जमलेत. त्याची आई तुझा बाप. नारळ सुपारी ताटात मांडून ठिवलीय. चारपर्यंत सांग बाई

साळूमावशी, १.४१: घाई नाय. पन चार

*

गुलमंडीतल्या मावशीच्या माडीवर गेल्या वर्षीही असंच ताट मांडलं होतं. तेव्हा मुलगा दुसरा. आईस्क्रीमच्या दुकानात वीस मिनिटं भेटला, पांढरे दात, गोड बोलणं. सगळे म्हणाले, स्थळ एक नंबर. मावशीनं फोनवर विचारलं, कसं हाय? आवडा म्हणाली, छान आहे. तिकडं सुपारी फुटली. चौथ्या महिन्यात तो म्हणाला, लॅबमधली नोकरी सोड, लोकांचं रक्त काढणारी बाई आमच्या घरात नको. तिनं नोकरी सोडली नाही. सुपारी मोडली. देवगाव रंगारीत तिचे वडील तीन महिने पारावर बसायला गेले नाहीत.

आता दुसऱ्यांदा चुकायची सोय नव्हती. हो म्हणून चुकायची नव्हती, अन् नाही म्हणूनही.

*

फिर्नी आली, गोड. मग अर्धा तास काहीच आलं नाही. मग नान-खलिया आला.

तांब्याची हंडी चकचकीत. आत तर्री थिजलेली, कडेला पिवळी साय धरलेली. मटणाचा तुकडा दातांशी भांडत होता. आणि नान… छावणीच्या बाजारात भट्टीतून निघालेला नान बोटांनी मोडतो, आत वाफ असते. हा ओढला तर लांबत होता.

"कसं आहे?" बद्रीनाथनं विचारलं.

"छान आहे," आवडा म्हणाली.

"नान?"

"छान आहे."

त्यानं चष्मा पुसला. "आणि शाळेपासून तुमची लॅब चाळीस किलोमीटर आहे, ते?"

"छान —" ती थांबली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तो बराच वेळ नानशी खेळत राहिला. मग हळूच, ताटाशी बोलल्यासारखं म्हणाला, "राग नका मानू. बाहेर बाकावर एक बाई भेटली होती. गॉगलवाली. माझा प्रश्न खोडायला निघालेली. ती… ती आत आलीच नाही का?"

आवडानं पेला उचलला. पाणी प्यायली. पाणीही कोमटच.

"ती आली असती," ती म्हणाली, "तर ती म्हणाली असती की खलिया गार आहे आणि नान रबराचा आहे आणि हे हॉटेल मी निवडलं म्हणून मला मगापासून मेल्याहून मेल्यासारखं झालंय आणि तुम्ही बोलताना सारखी मान हलवता त्याची मला आधी गंमत वाटली आणि आता ती थांबली तर काळजी वाटते आणि वर पंखा चालू आहे पण वारा येत नाही आणि तिकडं माझी मावशी फोन हातात धरून बसलीय आणि मी नाही म्हणायला घाबरते आणि हो म्हणायला त्याहून —"

श्वास संपला.

बद्रीनाथची मान थांबली होती. ते ध्यानात येताच त्यानं ती परत हलवायला सुरुवात केली, मुद्दाम, जरा जास्तच.

"आता काळजी नाही ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

*

तुमचा अनुभव कसा होता?
★★★★★
बदल करा: ★★☆☆☆
जेवण गार होतं. सोबत
(सोबत कशी होती, ते पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.)

*

आणि तेवढ्यात मुबारकभाई आले.

"साब, अब तो खा लिये. पेपर देख लिये. मारो पाँच." मग वाकून, बद्रीनाथच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. "अरे. आप तो पिछले इतवार कू बी आए थे ना? इसीच टेबल पे? आप तो तबीच मार दिये पाँच." आणि आपण काय मोडलं हे न कळता, पुढच्या टेबलाकडं निघून गेले.

पंखा फिरत होता. आवडानं हातातला नानचा तुकडा खाली ठेवला.

"मागच्या रविवारी?"

"हो."

"पाच?"

"फिर्नी… आणि ते म्हणाले, आज आठ जणांचे तारे व्हायला पाहिजेत, सात झालेत. मला नाही म्हणता आलं नाही."

"म्हणजे जेवण असं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"मागच्या रविवारी तर मटण आतून गुलाबी होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही निवडलं होतं."

"आणि ते पेपर, मार्क… ते सगळं?"

त्यानं मान खाली घातली. कानशिलावरून घामाचा एक थेंब कॉलरमधल्या रुमालात उतरला. "एकदा दिलेले तारे परत देता येत नाहीत. म्हणून काहीतरी बोललो. तुम्ही असं बघितलंत ना माझ्याकडं… मग मागं घ्यायला जिवावर आलं."

गोड बोलणं. परत एकदा, गोड बोलणंच. तीन वाजून पन्नास. तिनं पर्स जवळ ओढली. "कशाला आला होतात? गेल्या रविवारी."

"सराव करायला."

"कसला?"

"ह्याचा." त्यानं दोघांच्या मधलं टेबल दाखवलं. "कुठं बसायचं, पंखा कुठंय, काय मागवायचं. समोरच्या रिकाम्या खुर्चीला पंधरा प्रश्न विचारले. मुबारकभाईंना वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय. दोनदा पाणी आणून दिलं."

तिला हसायचं नव्हतं. ती उठायच्या बेतात होती, अर्धी खुर्चीवर, अर्धी दारात. पण निळ्या शर्टातला तो माणूस रिकाम्या खुर्चीला छंद विचारतोय, हे डोळ्यांपुढून जाईना.

ती परत बसली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "छान म्हणायचं नाही. चालेल म्हणायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून काहीच म्हणायचं नाही. मी लॅबमधली नोकरी सोडणार नाही."

तो लगेच बोलला नाही. तिला वाटलं, संपलं. गेल्या वर्षीच्या मुलानं हेच ऐकून लगेच "अरे, अजिबात नको सोडू" म्हटलं होतं. भिंतीवरचं घड्याळ, बशीवर चमचा, बाहेर रिक्षाचा हॉर्न…

"आईला चालणार नाही," तो शेवटी म्हणाला. "मला चालेल. पण आईशी भांडावं लागेल, आणि मला आजपर्यंत कुणाशी भांडता आलेलं नाही. हॉटेलात गार जेवण परत पाठवता येत नाही मला. तेव्हा भांडेन असं छातीठोक सांगत नाही. भीती वाटते. आणखी एक भीती आहे, ती मोठी आहे."

"कोणती?"

"तुम्ही पर्स उचललीत मगाशी. तेव्हापासून वाटतेय."

आवडा त्याच्याकडं बघत राहिली. आज पहिल्यांदा कुणी तिला वाईट बातमी आधी सांगितली होती.

फोन वाजला. साळूमावशी. टेबलावर थरथरत तो हंडीपर्यंत सरकला.

"आवडे, काय सांगू बाई? समदे तोंडाकडं बघायलेत माझ्या."

"मावशी, बद्रीनाथच्या आईला द्या फोन." ती हे का म्हणाली, तिलाच कळलं नाही. फोन तिनं स्पीकरवर टाकून त्याच्यापुढं धरला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, गरम भांडं धरावं तसा. चष्म्यावर वाफ आलेली.

"आई… ती नोकरी सोडणार नाही. आणि मी पण तिला सोड म्हणणार नाही." थांबला. "आई? मला ती पाहिजे. हे मी सराव करून बोलत नाहीये."

फोनमधून माडीवरच्या पंख्याची खरखर ऐकू येत होती.

मग त्याच्या आईचा जाडसर आवाज आला. "तिला दे."

तिनं फोन कानाला लावला. बद्रीनाथचा चेहरा पांढरा पडला होता. मान हलायची थांबली होती.

"पोरी, ऐकायलीस का?"

"हो, आत्या."

"नोकरीचं आपुन मंग भांडू, तू अन् मी. ते पोरगं मधी कामाचं नाय, आजच कसंबसं तोंड उघडलंय त्यानं. मला येवढंच सांग. तुला माझा बद्री पसंत हाय का? कुनी म्हनतंय म्हनून नगं सांगू."

समोर तो बसला होता. चष्म्यावर वाफ, गालावर हंडीतल्या तर्रीचा एक थेंब, जो तिनं मगाशीच बघितला होता आणि सांगितला नव्हता. तिनं ओढणीचं टोक पुढं केलं आणि तो पुसला. सावकाश. घाई नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "मला पसंत हाय."